पिंजऱ्यातला पाहुणा

आत्याच्या बांगड्या, मंगळसूत्र, कुड्या आणि जोडवी रुमालात बांधून मी कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या एका तपासणी केंद्राच्या बाकावर बसले होते. आतून एमआरआयच्या यंत्राची ठकठक ऐकू येत होती. आत्या नागपूरची, तिला बंगाली ओ की ठो कळत नाही. म्हणून तिला आत नेण्याआधी तिथल्या तंत्रज्ञ मुलाकडून मी दोन मराठी शब्द घोटवून घेतले होते, 'श्वास रोखा' आणि 'सोडा'. दिवसभर 'श्वास धोरे राखुन' म्हणणारा तो मुलगा माइकवरून मोठ्या निष्ठेने मराठीत सूचना देत होता, आणि यकृताचा फोटो हलू नये म्हणून आत्या पंधरा-पंधरा सेकंद श्वास धरून पडली होती.

बाहेर आल्यावर हातावरचा कापूस दाबत तिने पहिला प्रश्न केला, "अगं, मधेच टोचलं ते काय होतं? सगळे कॉन्ट्रास्ट, कॉन्ट्रास्ट म्हणत होते."

मी तिला सांगितलं की ते गॅडोलिनियम. हा धातू मोकळा असेल तर विषारी, म्हणून त्याला एका मोठ्या रेणूच्या घट्ट पकडीत ठेवून शिरेतून देतात. तो रक्ताबरोबर फिरतो आणि जिथे जातो तिथल्या पाण्याचा संदेश पालटतो, त्यामुळे तो भाग चित्रात उजळतो. नंतर मूत्रपिंडं त्याला बाहेर टाकतात. म्हणूनच आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात ना हे सांगणारा, रिपोर्ट मागितला होता.

आत्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. तिचा दुसरा प्रश्न ठरलेला होता. "म्हणजे गाठ असेल तर दिसेल. पण ती कसली आहे, ते दिसेल का?"

बऱ्याचदा तज्ज्ञ डॉक्टर चित्रावरून बांधतो तो अंदाजच असतो. खात्री करायची तर सुई घालून तुकडा काढावा लागतो. गॅडोलिनियमला फक्त रक्त कुठे जास्त जातं आणि कुठे झिरपतं, एवढंच कळतं. एखाद्या पेशीच्या अंगावर कुठलं प्रथिन उगवलंय, ती बिघडलेली आहे की नुसती सुजलेली, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगू शकेल असा एक वेगळाच पदार्थ गेली पंचवीस वर्षं प्रयोगशाळांमध्ये घडतो आहे. त्याचा मुख्य घटक एक वायू आहे, आणि तो वायू त्या बाकावर बसलेल्या आम्ही दोघीही श्वासातून आत घेत होतो. तो म्हणजे झेनॉन. मी भौतिकशास्त्र शिकवते आणि या विषयावर माझा जीव आहे. म्हणून आत्याला घरी जाताना रिक्षात जे सांगितलं, ते इथे नीट मांडते.

सुरुवात एमआरआयच्या दुबळेपणापासून करावी लागेल. त्या बोगद्यात बहुधा दीड टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असतं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. आपल्या शरीरातल्या पाण्यातल्या प्रत्येक हायड्रोजनचं केंद्रक हे एक इवलंसं चुंबक आहे. इतक्या जबर क्षेत्रात या चुंबकांनी शिस्तीत एका दिशेला तोंड करून उभं राहावं, असं वाटतं. प्रत्यक्षात शरीराच्या उष्णतेने ती सतत ढवळली जात असतात. दहा लाख केंद्रकं मोजली तर जवळजवळ निम्मी क्षेत्राच्या दिशेने आणि निम्मी विरुद्ध दिशेने असतात. फरक उरतो तो फक्त पाचांचा. बाकी सगळी एकमेकांना खोडून टाकतात. नेहमीचं एमआरआय चित्र या अशा मूठभरांच्या बळावर निघतं.

तरीही चित्र निघतं, कारण पाणी अमाप आहे. एका मिलिलिटर पाण्यात हायड्रोजनची केंद्रकं म्हणजे ६७ वर २१ शून्यं. त्यांतली दहा लाखांत पाच धरली तरी आवाज मोठा होतो. पण एखाद्या रोगाची खूण असलेलं प्रथिन पाण्याच्या मानाने कोट्यवधी पटींनी विरळ असतं. त्याचा आवाज यंत्राला ऐकू येणं अशक्य. यात्रेच्या गर्दीत हरवलेलं एखादं पोर हाका मारत असावं, तशी त्याची गत.

दुसरी गोष्ट, आवाजाचा स्वर. चुंबकीय क्षेत्रात केंद्रक ठराविक वारंवारतेने घुमतं आणि त्याच वारंवारतेच्या रेडिओ लहरींना दाद देतं. हे १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवलं आणि १९५२ चं नोबेल दोघांनी वाटून घेतलं. पुढे लक्षात आलं की हा स्वर शेजारावरही अवलंबून असतो. केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांचं दाट पांघरूण असेल तर त्याला क्षेत्र किंचित कमी जाणवतं आणि स्वर किंचित उतरतो. १९५१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये साध्या मद्यार्काचा, म्हणजे इथेनॉलचा, संदेश नोंदवला गेला. एका रेषेच्या जागी तीन वेगळ्या रेषा उमटल्या. रेणूतले तीन हायड्रोजन एका जागी, दोन दुसऱ्या जागी आणि एक तिसऱ्या, आणि रेषांची उंचीही त्याच प्रमाणात. केंद्रक कुठे राहतं, हे त्याच्या स्वरावरून कळतं, हे त्या चित्राने डोळ्यांना दाखवलं. त्या शोधनिबंधावर तीन नावं आहेत: अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड. यातले श्री. स. धर्मट्टी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे चुंबकीय अनुस्पंदनाचा गट त्यांनी उभा केला. भारतातल्या पुस्तकांत हे नाव जितक्या ठळकपणे यायला हवं तितकं येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोलकात्यातही तेव्हाच हे काम जोरात चाललं होतं. मेघनाद साहांनी उभारलेल्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचं उद्घाटन ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झालं. तेव्हा ती राजाबाजारच्या विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात होती. आज साहांच्याच नावाने ओळखली जाणारी ही संस्था सॉल्ट लेकच्या एएफ ब्लॉकमध्ये आहे, आमचं तपासणी केंद्र होतं तिथून रिक्षाने थोड्याच अंतरावर. साहांचे पुत्र अजितकुमार साहा आणि त्यांचे विद्यार्थी ताराप्रसाद दास यांनी १९५४ मध्ये 'स्पिन प्रतिध्वनी' या प्रयोगाचं संपूर्ण गणित मांडलं. स्पिन म्हणजे केंद्रकाच्या अंगचं घुमणं. चुंबकांची विस्कटलेली रांग एका रेडिओ झटक्याने पुन्हा जुळवून आणायची आणि तिचा परतलेला आवाज टिपायचा, असा तो प्रयोग. आज एमआरआयमधली कितीतरी चित्रं याच प्रतिध्वनीवर काढली जातात. १९५७ मध्ये दोघांनी या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि संस्थेनेच तो छापला. जगात तेव्हा या विषयावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पुस्तकं होती.

आता झेनॉनकडे येते. १८९८ मध्ये लंडनमध्ये विल्यम रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या उरलेल्या गाळातून हा वायू वेगळा काढला. ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं. त्या शब्दाचे दोन अर्थ, परका आणि पाहुणा. मला दुसरा अर्थ जास्त आवडतो. हवेच्या दर एक कोटी पंधरा लाख कणांत झेनॉनचा एक. इतका दुर्मीळ, आणि स्वभावाने राजवायू, म्हणजे सहसा कोणाशी नातं न जोडणारा. शरीरात गेला तर कुठल्याही रासायनिक देवाणघेवाणीत भाग न घेता तसाच परत येतो. मात्र पाण्यापेक्षा त्याला तेलकट जागा आवडतात, त्यामुळे रक्तात, मेंदूत, चरबीत तो सहज विरघळतो. जास्त प्रमाणात दिला तर भूलही येते. १९५१ मध्ये त्याच्या भुलीखाली माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

निसर्गातल्या झेनॉनपैकी सुमारे २६ टक्के अणू १२९ वजनाचे असतात, आणि त्यांचं केंद्रक हायड्रोजनसारखंच साधं, स्वच्छ चुंबक आहे. त्याच्याभोवती ५४ इलेक्ट्रॉनांचा मऊ, फुगीर ढग असतो. शेजारी कोणी आलं की हा ढग लगेच दबतो आणि केंद्रकाचा स्वर बदलतो. शेजारामुळे हायड्रोजनच्या स्वरात पडणारा फरक दहा लाखांत दहा-बारा भागांचा. झेनॉन मोकळ्या हवेतून रक्तात गेला की त्याचा स्वर दहा लाखांत सुमारे दोनशे भागांनी सरकतो. १९५१ मध्ये मद्यार्काच्या तीन रेषांत जी गोष्ट बारीक अक्षरात दिसली, ती झेनॉन मोठ्या अक्षरात लिहितो.

पण शरीरात झेनॉन येणार किती? फार थोडा. दहा लाखांत पाचांच्या हिशेबाने तर त्याचा आवाज मुळीच ऐकू येणार नाही. शिवाय त्याचं चुंबक हायड्रोजनच्या पावपट ताकदीचं. म्हणून संख्या वाढवण्याचा नाद सोडून शिस्त वाढवायची, असा मार्ग निघाला. यालाच अतिध्रुवीकरण म्हणतात, आणि ते कसं करतात हे जवळून पाहण्यासारखं आहे.

एक काचेचं नळकांडं असतं. त्यात रुबिडियम या धातूचा छोटा गोळा. हा धातू इतका मऊ की ३९ अंशांनाच वितळतो. नळकांड्याला शंभर अंशांच्या वर तापवलं की त्याची विरळ वाफ होते. त्या वाफेतून झेनॉन, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण सोडतात. झेनॉन त्यात अगदी थोडा, टक्का-दोन टक्के. मग एका बाजूने लेसरचा झोत. रंग डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्या जरा पलीकडचा, ७९५ नॅनोमीटर, आणि झोतातला प्रकाश मळसूत्रासारखा एकाच बाजूने पीळ घेत जाणारा. हा पीळ रुबिडियमचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन उचलतो आणि क्षणभरात जवळजवळ सगळे रुबिडियम अणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. प्रकाशाने अणूंना असं ओळीत आणण्याची विद्या फ्रान्सच्या आल्फ्रेड कास्लरची. त्यासाठी त्याला १९६६ चं नोबेल मिळालं. आता या शिस्तबद्ध गर्दीत झेनॉनचे अणू धडकत राहतात. काही वेळा झेनॉन आणि रुबिडियम क्षणभर एकमेकांना चिकटून राहतात, आणि त्या क्षणात इलेक्ट्रॉन आपली दिशा झेनॉनच्या केंद्रकाला देऊन टाकतो. लेसर पुन्हा रुबिडियमला सरळ करतो, रुबिडियम पुन्हा झेनॉनला. नायट्रोजनचं काम वेगळं. उत्तेजित रुबिडियमने भलत्याच दिशेचा प्रकाश परत फेकून सगळ्यांची शिस्त मोडू नये म्हणून तो त्याची ऊर्जा मुकाट्याने काढून घेतो.

बाहेर पडणारं मिश्रण गार केलं की रुबिडियम काचेवरच थिजून राहतं. मग ते चुंबकाच्या कुशीत ठेवलेल्या, द्रवरूप नायट्रोजनने गार केलेल्या नळीतून नेतात. तिथे झेनॉन उणे ११२ अंशांखाली पांढऱ्या हिमासारखा काचेवर जमतो आणि बाकीचे वायू पुढे निघून जातात. या हिमात त्याची शिस्त काही तास टिकते. रुग्ण तयार झाला की हिम वितळवून वायू प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा. आता या पिशवीतल्या झेनॉनच्या दर दहा लाख अणूंत पाचांऐवजी दोन-तीन लाखांचा फरक असतो. संदेश दहा हजार ते लाख पटींनी बलवान झालेला.

ही विद्या प्रिन्स्टनमध्ये विल्यम हॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ वर्षं घासून पक्की केली. १९९४ मध्ये त्यांनी आणि मिचेल अल्बर्ट यांनी मिळून उंदराच्या, शरीरातून काढलेल्या फुफ्फुसांत असा झेनॉन भरून पहिलं चित्र काढलं. साध्या एमआरआयमध्ये फुफ्फुस काळं दिसतं, कारण तिथे पाणी थोडं आणि हवा फार. त्या चित्रात प्रथमच हवा स्वतः चमकली. मधल्या काळात हेलियमच्या ३ वजनाच्या भावाने अधिक सुंदर चित्रं दिली, पण तो अण्वस्त्रांतल्या ट्रिटियमपासून मिळतो आणि २००१ नंतर सीमांवर किरणोत्सारी माल पकडणाऱ्या यंत्रांनी तो फस्त केला. त्यामुळे सगळे झेनॉनकडे वळले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षांवरच्या रुग्णांच्या फुफ्फुसतपासणीसाठी त्याला मान्यता दिली. रुग्णाने पिशवीतून एक खोल श्वास घ्यायचा, दहा-पंधरा सेकंद धरायचा, सोडायचा. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही.

फुफ्फुसात झेनॉन तीन स्वरांत बोलतो. हवेच्या पोकळीत शून्यावर, पातळ पडद्यात आणि रक्तद्रवात दहा लाखांत १९७ भागांच्या आसपास, तांबड्या पेशीत शिरला की २१७ च्या आसपास. म्हणजे वायू पोकळीतून पडद्यात किती गेला आणि पडद्यातून रक्तपेशीत किती पोचला, हे वेगवेगळं मोजता येतं. फुफ्फुस घट्ट होत जाण्याच्या रोगात पडदा जाड होतो, तिथे दुसरा स्वर चढतो आणि तिसरा पडतो. ऑक्सफर्डमध्ये फर्गस ग्लीसन यांच्या गटाने कोविडनंतर महिनोन्‌महिने धाप लागणाऱ्या माणसांची अशी तपासणी केली. ज्यांचा सीटी स्कॅन जवळपास ठीक होता त्यांच्यातही वायूचं रक्तात जाणं मंदावलेलं सापडलं. 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे ऐकून घरी परतलेल्या माणसाला अशा एका चित्राचं मोल किती, ते त्यालाच ठाऊक.

इथवर झेनॉन नुसता हिंडतो आणि पाहतो. त्याला एखाद्या विशिष्ट रेणूच्या दारात उभं करायचं, तर खास घर बांधावं लागतं. तोच जैवसंवेदक.

झेनॉन पोकळीत बसतो हे आधीपासून माहीत होतं. १९६५ मध्ये स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाच्या आतल्या पोकळीत झेनॉनचा अणू बसलेला क्ष-किरणांनी दिसला होता. १९८१ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे कोले यांनी क्रिप्टोफेन नावाचा रेणू तयार केला. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून तीन दांड्यांनी जोडाव्यात, तसा त्याचा आकार. आतली पोकळी झेनॉनला अशी मापात बसते की जणू त्याच्यासाठीच केलेली. कुठलाही रासायनिक बंध नाही, नुसतं मऊ आकर्षण. झेनॉन आत येतो, सेकंदाचा काही शतांश भाग थांबतो, निघून जातो, दुसरा येतो. आत असताना त्याचा स्वर साठ-सत्तरच्या आसपास असतो, आजूबाजूच्या पाण्यातल्या झेनॉनपेक्षा खूपच वेगळा. २००१ मध्ये बर्कलीत अलेक्झांडर पाइन्स, डेव्हिड वेमर आणि सहकाऱ्यांनी या पिंजऱ्याला एक शेपूट जोडलं आणि शेपटाच्या टोकाला बायोटिन हे जीवनसत्त्व. बायोटिन एव्हिडिन नावाच्या प्रथिनाला असं चिकटतं की सुटता सुटत नाही. चिकटल्याबरोबर पिंजऱ्यातल्या झेनॉनचा स्वर किंचित सरकला. ठराविक रेणू सापडल्याची साक्ष एका राजवायूने दिली होती. टोकाला बायोटिनऐवजी कर्करोगाच्या पेशी ओळखणारा तुकडा लावला तर तोच पिंजरा त्या पेशींपाशी जाऊन बसेल.

तरी एक अडचण उरलीच. पिंजरे थोडे, म्हणून त्यांच्यातला झेनॉनही थोडा. त्यावर २००६ मध्ये लाइफ श्र्योडर आणि बर्कलीच्या त्याच गटाने काढलेली तोड मला या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पिंजऱ्यातल्या झेनॉनचा क्षीण आवाज ऐकण्याचा हट्टच त्यांनी सोडून दिला. पिंजऱ्याच्या स्वरावर रेडिओ लहर चालू ठेवायची. त्या क्षणी पिंजऱ्यात जो झेनॉन असेल त्याची शिस्त मोडते. तो बाहेर पडून पाण्यातल्या इतरांत मिसळतो, नवा आत येतो, त्याचीही शिस्त मोडते. काही सेकंदांत एकेका पिंजऱ्यातून शेकडो झेनॉन जाऊन येतात. आता पाण्यातल्या झेनॉनच्या मोठ्या, खणखणीत आवाजाचं चित्र काढायचं. जिथे पिंजरे आहेत तिथे तो आवाज मंदावलेला असतो. आजीच्या माजघरातल्या रांजणाची चीर डोळ्यांना कधी दिसली नाही, पण रात्रीतून पाणी किती उतरलं यावरून ती आहे हे कळायचं. तसंच हे. लहर चालू असतानाचं चित्र आणि भलत्या स्वरावर ठेवून काढलेलं चित्र, दोघांची वजाबाकी केली की उरतो तो पिंजऱ्यांचा नकाशा. या युक्तीने संदेश हजारो पटींनी वाढला.

पुढे पिंजऱ्यांचे प्रकारही वाढले. भोपळ्याच्या आकाराचे कुकर्बिट्युरिल हे रेणू क्रिप्टोफेनपेक्षा स्वस्त आणि करायला सोपे. आणि २०१४ मध्ये मिखाइल शापिरो आणि सहकाऱ्यांनी तर रसायनाचा पिंजराच टाळला. पाण्यावर तरंगणारे काही जीवाणू आणि खाऱ्या पाण्यातले काही सूक्ष्मजीव पेशीच्या आत प्रथिनांचे पोकळ पिंप बांधतात, म्हणजे वायुपुटिका. त्यांच्या भिंतींतून वायू आरपार जातो, पाणी आत येत नाही. झेनॉनला ही पिंपं फारच भावतात. एकेकात पुष्कळ अणू मावतात, त्यामुळे अत्यल्प पुटिकाही वरच्या युक्तीने सापडतात. शिवाय त्या जनुकांतून घडतात, म्हणजे एखाद्या पेशीला स्वतःच आपली खूण बांधायला सांगता येईल. मराठी वाचकाला अशा मीठप्रेमी सूक्ष्मजीवांची ओळख आहेच. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. वायुपुटिका बांधणारे काही जीव याच कुळातले. हे वाचलं तेव्हा लोणारच्या काठावर लहानपणी नाकाला रुमाल लावून उभी राहिल्याचं आठवलं. त्या वासाच्या पाण्यातल्या कोणाचे तरी भाऊबंद एमआरआयच्या कामी येतील, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मग आत्याला हे इंजेक्शन का मिळालं नाही? २०१७ मध्ये कॅनडात मिचेल अल्बर्ट यांच्या गटाने जिवंत उंदरांना कुकर्बिट्युरिल टोचलं, झेनॉन श्वासातून दिला आणि शरीरात ते रेणू कुठे आहेत याचं चित्र काढलं. पण तिथे पिंजऱ्याला रोग ओळखणारी शेपटी नव्हती. माणसाच्या तपासणीत असा जैवसंवेदक अजून वापरात नाही, आणि त्याची कारणं ठोस आहेत. ऑक्सिजन स्वतः चुंबकी स्वभावाचा, त्यामुळे फुफ्फुसात शिरताच झेनॉनची शिस्त काही सेकंदांत ढासळू लागते. रक्तातही ती सेकंदांतच मोजायची. फुफ्फुसातून हृदयात, हृदयातून यकृतात पोचेपर्यंत बरीचशी वाटेतच संपते, आणि उरलेली अख्ख्या शरीरात विरघळून पातळ होते. क्रिप्टोफेनला तेलाची ओढ, म्हणून तो पाण्यात नीट मिसळत नाही, आणि घडवायला लांब, खर्चिक पायऱ्या लागतात. दीड टेस्लात हायड्रोजनचा स्वर ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास, झेनॉनचा १७.७, म्हणून रुग्णालयातलं नेहमीचं यंत्र झेनॉनला बहिरंच. वेगळी वेटोळी, वेगळी जोडणी हवी. आणि पिंजरा शरीरात किती दिवस राहतो, कुठे साठतो, याचा हिशेब लागल्याशिवाय तो कोणाच्या शिरेत जाऊ नये, हेही तितकंच खरं. गॅडोलिनियमच्या बाबतीत हा धडा वैद्यकाने महागात शिकला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी दगडासारखी कडक होत गेली आणि २००६ च्या सुमारास त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जुळला.

हे सगळं सॉल्ट लेकशी जोडून का सांगते आहे? कारण या तंत्राला लागणाऱ्या कितीतरी विद्या या एका उपनगराच्या आसपास नांदत आल्या आहेत. विधानचंद्र राय स्वतः नावाजलेले डॉक्टर. ते मुख्यमंत्री असताना हुगळीचा गाळ नळांतून आणून इथली खारी दलदल भरण्याचं काम १९६२ मध्ये सुरू झालं आणि पुढे नगराला त्यांचंच नाव मिळालं. साहा संस्थेच्या शेजारी, त्याच एएफ ब्लॉकमध्ये, सायक्लोट्रॉन केंद्र आहे. एमआरआयचं चुंबक ज्याच्याशिवाय चालत नाही ते हेलियम बीरभूम जिल्ह्यातल्या बक्रेश्वरच्या उष्ण झऱ्यांच्या बुडबुड्यांत आहे, हे श्यामादास चटर्जींनी शोधलं, आणि ते गोळा करून शुद्ध करण्याचं काम सॉल्ट लेकच्या या वैज्ञानिकांनी केलं. याच सायक्लोट्रॉन केंद्राचा वैद्यकीय सायक्लोट्रॉन शहराच्या दक्षिण टोकाला आहे. तिथे तयार होणारं किरणोत्सारी फ्लुओरीन-१८ एकशे दहा मिनिटांत निम्मं होतं, तरी ते वेळेत रुग्णालयांत पोचवतात. काही तासांत शिस्त गमावणारा झेनॉन कारखान्यातून रुग्णालयात नेण्याचा प्रश्न याहून फार निराळा नाही. शिवाय हिवाळ्यात या शहराची हवा कशी होते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. झेनॉनने फुफ्फुस तपासायची गरज असलेली माणसं रोज आमच्या रस्त्यांवर खोकत असतात. साहा आणि दास यांनी प्रतिध्वनीचं गणित मांडलं तेव्हा त्यांच्याकडे आजच्या दशांशही साधनं नव्हती. लेसर, काच, रसायन आणि चुंबक जाणणारी चार माणसं एका टेबलाशी बसवावीत, असं मला फार वाटतं.

रिक्षा करुणामयीच्या चौकात अडकली होती. आत्या रुमालातून एकेक बांगडी काढून हातात चढवत ऐकत होती. तिला जैवसंवेदकाचं यंत्र किती समजलं ठाऊक नाही, पण पिंजरा नेमका समजला होता. "मग तो तुझा पाहुणा," तिने विचारलं, "काम झाल्यावर जातो कुठे?"

श्वासाबरोबर बाहेर. रक्त फुफ्फुसात परत येतं तसतसा तो हवेत निघून जातो, थोड्याच मिनिटांत जवळजवळ सगळा. त्याची शिस्त त्याआधीच मोडलेली असते. तो पुन्हा इथल्या हवेतल्या इतर झेनॉनसारखाच होतो. साध्या अर्ध्या लिटरच्या श्वासात त्याचे अणू असतात एकावर पंधरा शून्यं, इतके. मी आकडा सांगितला तेव्हा आत्याने जोडव्याशी चाललेली खटपट थांबवली, एक मोठा श्वास आत घेतला आणि त्या तंत्रज्ञ मुलाने सांगितला होता तसा, मनात अंक मोजत, धरून ठेवला.